हरलेल्याची फेरी

चष्मेवाल्याने सिमेंटच्या पटावर ठेवलेला कुणाचातरी कॉफीचा कप दोन बोटांनी उचलला आणि कचरापेटीत टाकला. कप भरलेला होता. कपाचा मालक शेजारीच उभा होता. त्याने चष्मेवाल्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्याने दुसरा आणायला गेला.

शहरात निवांत बुद्धिबळ खेळायच्या उत्तम जागा कुठल्या, हे कुणा रिकामटेकड्याने मोबाइलवर जाहीर केलं होतं. त्यात बागेतलं हे टेबल तिसरं आलं. तिसरंच का, याचाही चष्मेवाल्याला राग होता. तेव्हापासून इतके लोक निवांत व्हायला येत, की उभं राहायला जागा उरत नसे.

आधी इथे दोघंच. चष्मेवाला आणि त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. चष्मेवाल्याचं चष्म्यांचं दुकान होतं, मेहुणा कवळ्या बनवायचा. म्हणजे एकाने लोकांच्या दिसण्याची सोय पाहिली होती, दुसऱ्याने चावण्याची. टेबलाचा नियम जुना होता: हरेल त्याने उठायचं, दुसऱ्याला बसू द्यायचं. दुसरा कुणी नव्हताच. तरी मेहुणा हरला की नियमाने उठे, तळ्याला फेरी मारे आणि येऊन आपल्याच रिकाम्या जागेवर बसे. चष्मेवाला कधी उठलाच नव्हता. इतक्या वर्षांत त्याने ते तळं फक्त लांबून पाहिलं होतं.

आज रांगेतल्या एका मुलीने विचारलं, हे समोरचे काका कसे खेळतात?

"हा? हा हरतो," चष्मेवाला म्हणाला. "बहीण दिली तेव्हापासून हरतोय."

लोक हसले. मेहुणाही हसला, पण त्याचे कान लाल झाले. मग त्याने घोडा उचलला, आणि पटावर भलताच कुणीतरी उतरला. बघता बघता चष्मेवाल्याचा हत्ती गेला, वजीर कोंडला गेला आणि राजा कोपऱ्यात तोंड लपवून बसला.

"मात," मेहुणा हळूच म्हणाला. "उठा, भावजी."

चष्मेवाला उठला. तळपायाची आग मस्तकात घेऊन तळ्याच्या काठाने चालू लागला. मेहुण्याला, रांगेला, बदकांना, सगळ्यांना एका दमात शिव्या घालत तो पलीकडे पोचला. टेबलावरून न दिसणाऱ्या एका बाकावर, थर्मास मांडीवर घेऊन एक निवृत्त नर्सबाई बसल्या होत्या. पावलं ऐकून त्यांनी न बघताच चहाचा कप पुढे केला. मग बघितलं आणि मागे घेतला.

"ते कुठेत?"

"जिंकला," चष्मेवाला म्हणाला. घरात चोरी झाल्याची वर्दी द्यावी तसा.

बाईंचा चेहरा उतरला.

"बरे आहेत ना?"

मग त्याच सांगत राहिल्या. फार गुणी माणूस, पण खेळात अगदीच कच्चा. एखाद्या दिवशी तर चार-चारदा हरतो बिचारा. हरला की येऊन बसतो, कपभर चहा घेतो, दोन गोष्टी बोलतो. एरवी घरी गेल्यावर त्याच्याशी बोलायला आहे कोण?

चष्मेवाल्याला मेहुण्याचे ते सगळे वजीर आठवले. उघड्यावर सोडलेले, आंधळ्यालाही दिसतील असे. तो मात्र ते मारून घरी जाऊन बायकोला रंगवून सांगत असे. आयुष्यातला एकूणएक विजय त्याला कुणीतरी चहापायी दिला होता.

तो रांग चिरत टेबलाशी आला. खेळणाऱ्या पोराला म्हणाला, ऊठ, घरचं भांडण आहे. पोरगा उठला. नवा डाव मांडून चष्मेवाल्याने चार चालींतच आपला वजीर मेहुण्याच्या प्याद्यापुढे आदळला.

"मार."

मेहुण्याने त्याच्या तळ्याकाठच्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे पाहिलं. मग त्या वजिराला हात न लावता त्याने आपला वजीर चष्मेवाल्याच्या उंटापुढे आणून ठेवला.

"आधी तुम्ही."

काहीतरी फार खोल चाललंय, असं मागून कुणीतरी कुजबुजलं.

चष्मेवाला दात खात बसला. मग त्याने मेहुण्याचा वजीर उचलून पटाबाहेर आपटला.

"हरलास. ऊठ."

डाव कुठे संपलाय अजून, असं ती मुलगी म्हणाली.

"हा कसा हरतो ते मला विचार," चष्मेवाला म्हणाला.

मेहुणा उठला. चष्मेवाल्याने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"कोण बसतंय?" तो रांगेवर खेकसला.