करंगळीहून बारीक

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची नळी आहे. हातभर लांब, करंगळीहून बारीक. एका म्हाताऱ्या मोटारीच्या इंजिनात मी तळाचे तेल माथ्यावर नेते.

पूर्वी तिथे नळी नव्हतीच. माथ्यावरच्या, झडपा उघडणाऱ्या दांड्यांना झारीने तेल घालावे लागे. मोटार एका सुईणीची. बाळंतिणीकडे निघायच्या घाईत ती तेल हमखास विसरे. मग दांड्या कोरड्या पडून खडखडत.

"ताई, तुझी गाडी दोन गल्ल्यांपलीकडून ऐकू येते," तिचा धाकटा भाऊ म्हणाला. तो मोटारमिस्त्री.

"चेष्टा पुरे. वाटेत बंद पडली, तर ते बाळ माझ्यासाठी थांबणार आहे का?"

भावाने तेलपंपाजवळची स्प्रिंग आवळली. तेलाचा दाब दाखवणारा काटा चढला. दोघेही खूश! खडखड मात्र तशीच, कारण माथ्याकडे जायला तेलाला वाटच नव्हती. तेव्हा त्याने तांब्याची एक नळी तापवून वाकवली आणि बसवली. ती मी.

मी हौसेने इतके तेल वर नेले, की दांड्या न्हाऊन निघाल्या. आणि काटा धपकन खाली आला.

"ताई, बंद कर! आधी इंजिन बंद कर!"

"आता काय केलंस?"

"वरच्यांना पोटभर वाढलं, खालची बेअरिंगं उपाशी राहिली."

मला वाटले, आता आपली रवानगी भंगारात. पण त्याने माझे तोंड कथिलाने बुजवले आणि मधोमध दाभणाच्या टोकाएवढे भोक ठेवले. आता तेल थोडेथोडेच वर जाऊ लागले. काटा जागेवर राहिला. खडखड विरली. सुईणीने बॉनेटला कान लावला.

"झोपलं एकदाचं," ती हळूच म्हणाली.

त्यानंतर कितीतरी बाळांच्या आधी आम्ही दाराशी हजर असायचो.

पुढे सुईण थकली. मोटार छपरीत उभी राहिली. तेल काळे, घट्ट झाले आणि माझा घसा गाळाने बुजला. परवा तिची भाची किल्ली घेऊन आली आणि सुईणीच्या देखत तिने इंजिन सुरू केले. तीही सुईणच.

"आत्या, काटा तर छान वर आहे गं!"

"काट्याचं कौतुक नको. खडखड ऐकू येत नाही का? बंद कर, आधी ती नळी साफ कर."

मित्रांनो, माझा घसा बारीक आहे, म्हणूनच सगळ्यांना तेल पुरते. तेवढा तो स्वच्छ ठेवा. आणि काटा कितीही वर दिसला, तरी एकदा कान लावून ऐका.