दोन व्हिजिटिंग कार्डांची फट

"मनगटात जोरच नाहीये तुझ्या," मुकुल सर म्हणाले, आणि क्लासमधल्या सगळ्या कॉलेजच्या पोरी माझ्याकडे बघायला लागल्या. मी चौतीस वर्षांची, त्यांच्यात सगळ्यात म्हातारी.

"सर, पण दुखतंय."

"दुखणारच. दुखल्याशिवाय एफ कोणाला आलाय? तपस्या आहे ही, वल्लरी."

तपस्या हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. लोकांना स्वतःला शिकवता आलं नाही की ते समोरच्याच्या दुखण्याला तपस्या म्हणतात.

एफ म्हणजे गिटारवरचा पहिला बार कॉर्ड. तर्जनी आडवी टाकून सहाच्या सहा तारा एकाच बोटाने दाबायच्या, आणि उरलेल्या तीन बोटांनी पुढे आणखी कसरत करायची. तीन महिने माझी तर्जनी त्या तारांवर पडत होती आणि आवाज येत होता ठक, ठक, ठक. लाकडावर टिचकी मारल्यासारखा.

आवाजाचं सोडा. मी स्नेहलतागंजमधल्या एका लॅबमध्ये रक्त काढते. सकाळी सात ते दोन, रोज पन्नास-साठ हात. सुई उजव्या हातात असते, पण नस शोधतो आणि कातडी ताणून धरतो तो डावा. तोच डावा आता कळा मारत होता. सोमवारी एका बाईंना मी तीनदा टोचलं. त्यांनी कंप्लेंट केली, बरोबरच केली. इन्चार्ज मॅडमनी आत बोलावून सांगितलं, "गिटार वाजव नाहीतर रक्त काढ. दोन्ही जमत नसेल तर एक ठरव."

घरी आमचे बाबा, जयसिंगराव. लालबाग राजवाड्याच्या मागे दोन खोल्यांत राहतो, पण बाबांच्या डोक्यात अजून घोडे पळतात. "तुझे पणजोबा होळकरांच्या रिसाल्यात होते. एका हातात लगाम, एका हातात तलवार. आणि त्यांची पणती? सहा तारा दाबता येत नाहीत! मनगट पाहिजे मनगट!"

"पणजोबांना कोणी एफ वाजवायला सांगितला नव्हता, बाबा."

"ती गिटार देऊन टाक ना खुशीला. कशाला फालतू हात खराब करते."

खुशी माझी मावसबहीण, एकोणीस वर्षांची, माझ्या गिटारवर पहिल्या दिवसापासून डोळा. मी रागाच्या भरात तिला मेसेज टाकला: रविवारपर्यंत हात दुखायचा थांबला नाही तर गिटार तुझी. तिचं उत्तर दोन सेकंदांत आलं, सात हार्ट. हात बरा होवो वगैरे एक शब्द नाही.

हा मेसेज मंगळवारचा. हातात पाच दिवस.

त्याच संध्याकाळी एक गंमत झाली. कंटाळून मी एफचाच आकार सरकवत सरकवत पाचव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पाचव्या आडव्या तारेपाशी, नेला आणि वाजवला. सहाच्या सहा तारा बोलल्या. परत पहिल्या फ्रेटवर आणला तर ठक. परत पाचव्यावर नेला, परत वाजला. मी ताठ बसले. बोट तेच, मनगट तेच, जोर तोच. लॅबमध्ये एकाच माणसाच्या एकाच रक्ताचे दोन रिपोर्ट वेगळे आले तर आम्ही त्या माणसाला शिव्या देत नाही, मशीन बघतो. मग इथे तीन महिने शिव्या मीच का खात होते?

बुधवारी क्लासमध्ये विचारलं, "सर, पाचव्यावर होतं, पहिल्यावर का नाही होत?"

"पाचवा सोपा असतो."

"का सोपा असतो?"

"अरे यार, असतो बस. प्रश्न कमी, प्रॅक्टिस जास्त."

शुक्रवारी ड्यूटी संपवून मी गिटार घेऊन सरळ पोलोग्राउंडला गेले, नानांकडे. नाना बाबांचे जुने दोस्त, तिथे त्यांचं लेथचं वर्कशॉप. चाळीस वर्षं पंपांचे शाफ्ट बनवतायत. गिटार त्यांनी आयुष्यात हातात धरलेली नव्हती.

"अगं बाई, हे काय घेऊन आली? मी काय बँडवाला आहे का?"

"नाना, वाजवू नका. ही तार या टोकाला दाबायला जड जाते, मधे हलकी जाते. का, एवढंच सांगा."

नानांनी चष्मा चढवला. बराच वेळ एका बोटाने तारा दाबून बघत राहिले. लेथवरच्या माणसाला त्यांनी हाताने थांब म्हटलं.

"ह्या आडव्या तारा कशाला असतात?"

"फ्रेट म्हणतात. तार तिथे टेकते."

"म्हणजे सपोर्ट. आणि ही टोकाची पांढरी पट्टी?"

"तिथेही तार टेकतेच."

"मग काम एकच झालं ना! काम एक तर उंची पण एकच पाहिजे." त्यांनी पहिल्या फ्रेटवर तार दाबून दुसऱ्यावर किती फट राहते ते दाखवलं. कागद जाईल एवढी. मग तार सोडून पहिल्या फ्रेटवरची फट बघितली. खिशातून स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड काढून सरकवलं. गेलं. त्यावर दुसरं सरकवलं. तेही गेलं.

"घे. दोन कार्डं! पट्टीत खाचा वरच ठेवल्यात कंपनीवाल्यांनी, आळशी लोक. आणि तू तीन महिने हे वाकवत बसली? अरे भिया, इथे तर पैलवान पण रडेल."

मला हसू आलं आणि लगेच संताप. क्लासमध्ये अशा बारा गिटारी आहेत. बारा पोरी. बारा तपस्या.

गॅस वेल्डिंगचं नोझल साफ करायच्या बारीक खरखरीत सुया असतात. त्यातली एकेक घेऊन नानांनी पट्टीतल्या खाचा घासायला घेतल्या. चार फिरक्या, थांब, फट बघ. "सब्र. जास्त घासलं तर परत भरता येत नाही." तासाभरात कार्ड जायचं बंद झालं, बिलाचा कागद तेवढा जात होता.

मी एफ दाबला. तीन तारा बोलल्या! पण दहाव्या वेळेला मनगटात तीच कळ.

नानांनी हात पुसले. "मशीन ठीक झाली. आता ऑपरेटर चेक कर."

शनिवारी सकाळी लॅबमध्ये जनाबाई आल्या. ऐंशीच्या पुढच्या, नसा दोऱ्यासारख्या. असा हात आला की मी आधी उशी घेते, त्यांचा हात उशीवर ठेवून माझ्या उंचीला आणते, मग बोट अगदी हलकं टेकवते. दाबलं की अशी नस खाली बसते, मग शोधत बसा. मी बोट टेकवलं, नस सापडली, सुई गेली.

"झालं? कळलंच नाही गं."

मी मात्र माझ्या हाताकडे बघत होते. मनगट सरळ, कोपर मोकळं. तेच मनगट, आठवडाभर रडणारं. कारण इथे मी वाकत नव्हते, समोरच्या हाताला माझ्याकडे आणत होते. आणि गिटार? ती मांडीवर आडवी पडलेली, आणि तिच्यापर्यंत पोचायला मी मनगट मुडपून घालत होते. वर अंगठ्याने मागून चिमटा!

"मॅडम, पट्टी लावा ना," जनाबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर डाव्या मांडीवर उशी, उशीवर गिटार, तिची मान वर, खांद्याच्या जवळ. मनगट आपोआप सरळ झालं. अंगठा काढूनच टाकला. हाताचं वजन नुसतं खाली लोंबू दिलं, बोट त्या वजनाने ओढलं जाईल एवढंच. मग उलटा प्रयोग: किती कमी दाबलं तरी वाजतं? सैल करत गेले, झर्र आवाज आला तिथे थांबले, केसभर वाढवलं. एवढंच लागत होतं. एवढंच! तीन महिने मी याच्या दसपट दाबत होते.

रविवारी खुशी आली. गिटारसाठी नवीन कव्हरही घेऊन आली, जांभळं.

"हात कसा आहे, दीदी?" आता विचारलं.

मी उशी घेतली आणि वाजवलं. वीस वेळा. पाच तारा स्वच्छ. मनगट गप्प.

"चीटिंग आहे ही," खुशी म्हणाली.

"दे इकडे," बाबा म्हणाले. त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, मनगट मुडपलं, दात आवळले, चेहरा लाल. ठक. परत दाबलं. ठक. मग हात झटकत बसले.

"मनगट पाहिजे, बाबा," मी म्हटलं.

बाबांनी उशी मागितली.

खुशी रिकामं कव्हर घेऊन गेली. तोंड पाडून गेली, पण दारातून विचारून गेली, की पुढच्या रविवारी आले तर शिकवशील का. नानांची दोन कार्डं मी पर्समध्ये ठेवलीयत. उद्या क्लासमध्ये बाराच्या बारा गिटारींच्या तारांखाली घालून बघणार आहे, सरांच्या समोर. तपस्येचं माप काढू.

सहातली एक तार मात्र अजून मुकी आहे, बारीककडून दुसरी. जोर कमी पडतो म्हणून नाही, एवढं आता नक्की. मग कशाने? मी तर्जनी खिडकीत उजेडात धरली. तारेची रेघ बरोबर पेराच्या घडीत उमटली होती. तिथे मांसच नाही, खळगा आहे. तार खळग्यात जाऊन बसते.

बोट अर्धं सूत वर सरकवलं, आणि परत तारांवर टेकवलं.