खोडलेले विशेषण

अर्डेल प्रुएटच्या कादंबरीत ‘गोरा’ हा शब्द जिथे जिथे आला होता, तिथे तिथे तो निळ्या पेन्सिलीने खोडलेला होता. ‘काळा’ हा शब्द एकाही ठिकाणी खोडलेला नव्हता.

अर्डेलने कागदांचा गठ्ठा ग्रँट हॅलोरनच्या टेबलावर आपटला. ग्रँट न्यूयॉर्कच्या एका प्रकाशनगृहाचा संपादक. क्लीव्हलंडच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेतली नोकरी सांभाळून तिने वर्षानुवर्षे खपून लिहिलेले हे पहिलेच पुस्तक. शुक्रवारी ते ग्रँटच्या सहीने छापायला जायचे होते.

“हे कोणी केलं?”

“बसा तरी आधी.”

“एकाच पानावर दोन डॉक्टर आहेत. तोच दवाखाना, तोच कोट, तेच दार. रंगाखेरीज कशातही फरक ठेवलेला नाही मी. एकाचा रंग राहिला, दुसऱ्याचा गेला. का?”

“साहित्याची परीक्षानळी करू नका,” ग्रँट चष्मा पुसत म्हणाला. “पानोपानी गोरा, गोरा, गोरा! वाचकाला वाटेल, आरोपपत्र वाचतोय.”

“आणि पानोपानी काळा, ते काय?”

“ते वर्णन.”

अर्डेल हसली, त्या हसण्यात गोडवा नव्हता.

“हे पाहा,” ग्रँटचा आवाज चढला, “काळी लेखिका म्हणून लोक तुमचं कौतुकाने वाचतील. त्यांच्या तोंडासमोर आरसा धरलात तर पुस्तक मिटतील. शब्द हवेच असतील, तर गठ्ठा उचला आणि चालू लागा.”

“उचलेन.”

“आणि न्याल कुठे? या गल्लीत सगळ्या दारांना हाच उंबरठा आहे.”

तिने गठ्ठा उचलला, पण ती जागची हलली नाही. पाण्यात शिसे सापडले म्हणून हाताशी असलेल्या नळाला दोष देऊन मोकळे होणे तिच्या शिस्तीत बसत नव्हते.

“पेन्सिल कोणाची?”

“टिलमनबाईंची. मुद्रणप्रत त्याच तपासतात, मी शाळेत होतो तेव्हापासून. तिसरा मजला. जा, तिकडे जाऊन भांडा.”

जिना उतरताना अर्डेलने वाक्ये जुळवली. तुमच्या आज्यांनी आमच्या आज्यांकडून भांडी घासून घेतली; आता आमची वाक्येही तुम्हीच घासणार का? वाक्य तिला पसंत पडले. तिने दार न ठोठावताच ढकलले.

खिडकीपाशी, खांद्यावर स्वेटर टाकून, एक म्हातारी पेन्सिलीला टोक काढत होती. तिचा वर्ण अर्डेलपेक्षाही सावळा होता.

“टिलमनबाई कुठे आहेत?” अर्डेलने विचारले.

“तुझ्यासमोर.” म्हातारीने तिला नखशिखान्त न्याहाळले. “तोंड का उतरलं गं? भांडण घेऊन आली होतीस ना? कर की.”

अर्डेलने गठ्ठा पुढे केला. जिन्यावरचे वाक्य आता निरुपयोगी झाले होते. “तुम्ही? तुम्ही खोडलंत हे?”

“मग काय भुताने? या धंद्यात नियम एकच, पोरी. वाचक जे आपणहून धरून चालतो, ते लिहायचं नाही. ‘ओलं पाणी’ लिहिलंस, तर ‘ओलं’ खोडीन. डॉक्टर म्हटला की वाचक गोराच पाहतो. मग सांगायचं कशाला?”

“कोण हा वाचक? पाहिलाय तुम्ही त्याला?”

“कधीच नाही. जन्मभर त्याच्यासाठी पेन्सिल झिजवली. तो तुझ्या-माझ्यासारखा नाही, एवढंच शिकवलं मला.”

अर्डेल खुर्ची ओढून बसली. तिने टेबलावरची एक पेन्सिल घेतली आणि खोडलेल्या पहिल्या ‘गोरा’खाली ठिपक्यांची ओळ काढली. समासात लिहिले : तसेच ठेवावे. मग पुढचे पान.

“वरचा ते मान्य करणार नाही,” टिलमनबाई म्हणाल्या. “पुस्तक जाईल तुझं. नियमाला अपवाद करायला कारण लागतं.”

“कारण आहे.”

“सांग तर खरं.”

अर्डेलने पेन्सिल थांबवली नाही.

“ग्रँटने मला तुमचं नाव सांगितलं, काम सांगितलं, मजला सांगितला. रंग सांगितला नाही. तो मी जिन्यात स्वतःच भरला.”