ताईच्या डाव्या बाजूने

मला घाबरायला फारसं कारण लागत नाही. झोपेत पंखा बंद पडला तरी मी उठून बसते. घरात माझं नाव भागूबाई पडलंय आणि ते मी स्वतःच्या मेहनतीने मिळवलेलं आहे. असल्या मुलीने फुटबॉल खेळावा, तोही डाव्या कडेने, जिथे बॉल पायाशी आला की समोरून एक दांडगी मुलगी थेट अंगावर येते, हे आईला अजून पटलेलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पूर्ण पटलेलं नाही. पण बॉल पायाशी असताना जे वाटतं ते दुसऱ्या कशाने वाटत नाही, त्याला माझा इलाज नाही.

त्या शनिवारी शहराच्या संघाची निवड होती. मुली तीस, जागा चौदा, आणि पुढच्या वर्षी माझं वय बसणार नव्हतं. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. सकाळी बुटाची नाडी मी तीनदा बांधली आणि तीनदा सोडली. चौथ्यांदा ताईने माझा हात बाजूला केला, स्वतः बांधून दिली आणि म्हणाली, "चल आता, नाहीतर तुला उचलून न्यावं लागेल."

लोकांना वाटतं मी लागण्याला घाबरते. लागण्याला घाबरतेच, खोटं कशाला बोलू? पण माझी मोठी भीती वळण्याची आहे. ती ताईमुळे बसली.

दोन वर्षांपूर्वी ताई याच संघात बचावाला खेळायची. एका सामन्यात मी रेषेबाहेर पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसले होते. समोरची मुलगी बॉल घेऊन ताईच्या डाव्या बाजूने निघाली. ताई तिच्यामागे वळली आणि खाली बसली. कोणी तिला हात लावला नव्हता, पाय लावला नव्हता. उजवा पाय जमिनीत रुतून राहिला आणि वरची ताई वळली, एवढंच. ती ओरडली नाही. मला आजही वाटतं, ती ओरडली असती तर मी कमी घाबरले असते. मग ऑपरेशन, कुबड्या, आणि कुबड्या सुटल्यावर एका मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालायची नोकरी. डॉक्टरांनी आयुष्यभर गुडघा जपायला सांगितलंय, असं ताईने घरी सांगितलं. आईने तिचे बूट शेजारच्या मुलीला देऊन टाकले.

मी जे काही शिकले ते त्या लॉन्ड्रीत शिकले. दुपारी तीन वाजता धुलाईची यंत्रं अर्धा तास थांबतात. तेवढ्यात आम्ही मळक्या चादरींच्या ट्रॉल्या भिंतीला लावायचो. इस्त्रीची टेबलं आणि भिंत यांच्यात जेमतेम सात पावलांची वाट मोकळी व्हायची. फरशी ओली, हवेत साबणाचा वास, आणि समोर ताई, कमरेला लॉन्ड्रीचा निळा एप्रन. "मला चकवून दरवाजा गाठ," ती म्हणायची. आमच्या युक्त्यांची नावंही तिथलीच. तळव्याखाली बॉल पुढेमागे सरकवायचा ती इस्त्री. पुढे जातोय असं दाखवून बॉल मागे ओढायचा ती घडी. बॉलवरून पाय फिरवून नुसती हूल द्यायची ते झटकणं, ओली चादर झटकतात तसं. "तिच्या डोळ्यांकडे बघू नकोस, डोळे थापा मारतात," ताई सांगायची. "कमरेकडे बघ. कंबर एकीकडे कलली की दुसरीकडून सूट."

आठ महिन्यांत मी ताईला इतक्या वेळा चकवलं की इस्त्रीवाल्या मावशी माझ्या नावाने टाळ्या पिटायच्या. फक्त एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. मी नेहमी एकाच बाजूने जायचे, माझ्या डावीकडून. उजवीकडून गेले असते तर ते ताईच्या डाव्या बाजूने झालं असतं, आणि मला गाठायला तिला त्या उजव्या पायावर सगळा भार टाकून वळावं लागलं असतं. म्हणून मी हूल उजवीकडे द्यायचे आणि निघायचे डावीकडून. रोज. ताईच्या लक्षात येत नाही असं वाटायचं, आणि मनातल्या मनात मी स्वतःला फार समजूतदार समजायचे.

निवडीच्या सामन्यात माझ्यासमोर जी मुलगी आली तिला सगळे कुलूप म्हणतात. का म्हणतात ते विचारायची गरज पडत नाही. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच होती आणि तिच्या मांड्या बघूनच माझ्या तोंडचं पाणी पळालं.

पहिल्यांदा बॉल आला तेव्हा मी उजवीकडे झटकलं आणि डावीकडून निघाले. कुलूप अर्धं पाऊल फसली आणि मी निसटले. निवड करणाऱ्या मॅडमनी वहीतून मान वर केली. दुसऱ्यांदा इस्त्री करून डावीकडून गेले, तर तिचा बूट बॉलला निसटता लागला. तिसऱ्यांदा मी हूल दिली तेव्हा तिने हुलीकडे बघितलंसुद्धा नाही. ती माझी डावी बाजू अडवून आधीच उभी होती. उजवीकडे तिने अख्खं मैदान मोकळं सोडलं होतं, आणि तरी मी डावीकडेच घुसले. तिने बॉल काढून घेतला, मी तोंडावर आपटले. "लागलं का गं?" तिने विचारलं. इतक्या प्रेमाने विचारलं की मला तिचा जास्तच राग आला.

मग चौथ्यांदा तेच, पाचव्यांदाही तेच. उजवीकडचा रस्ता मला दिसत होता. पण तिकडे टाकायला उचललेला पाय डावीकडेच पडायचा. समोर कुलूप उभी आहे, हिचे गुडघे धडधाकट आहेत, हे डोक्याला कळत होतं. पायांना कळत नव्हतं. पाय आठ महिने एकच गोष्ट शिकले होते की त्या बाजूने गेलं की माणूस मोडतं.

मध्यंतराला मॅडमनी बोलावलं. त्या कोणालाच नावाने हाक मारत नाहीत, पाठीवरच्या आकड्याने मारतात. "अकरा, पाय चांगले आहेत तुझे. पण तुला एकच बाजू येते, आणि ती आता सगळ्या मैदानाला माहीत झालीये. दुसऱ्या अर्ध्यात पंधरा मिनिटं देते. उजवीकडून जाऊन दाखव. नाहीतर दुसऱ्या मुली थांबल्यात."

ताईने ते रेषेबाहेरून ऐकलं. तिने माझं मनगट धरलं आणि मला कपडे बदलायच्या खोल्यांमागे नेलं. तिथे पाण्याची टाकी, तुटकी बाकं आणि थोडी मोकळी जागा होती. तिने बॉल माझ्याकडे सरकवला.

"उजवीकडून ये."

मी हलले नाही.

"अगं ये ना! आता शिट्टी होईल."

"तुझा गुडघा..." मी म्हणाले.

"माझ्या गुडघ्याचं काय?"

"तुला वळावं लागेल ताई. म्हणून मी जात नाही तिकडून. कधीच गेले नाही."

मला वाटलं ती विरघळेल, निदान डोक्यावरून हात फिरवेल. ती तुटक्या बाकावर जाऊन बसली.

"मूर्ख आहेस," ती म्हणाली. "तू जात नव्हतीस म्हणे! मी जाऊ देत नव्हते तुला. आठवून बघ, मी कशी उभी राहायचे?"

मी आठवून बघितलं. डावा पाय पुढे, अंग तिरकं. तिची डावी बाजू बंद आणि उजवी सताड उघडी.

"बचावाला खेळणाऱ्याला एवढं येतंच," ती म्हणाली. "समोरचीला हव्या त्या बाजूला हाकायचं. मी तुला रोज तिकडेच हाकत होते. मला त्या पायावर वळायला लागू नये म्हणून."

"मग बरोबरच आहे ना. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"डॉक्टरांनी वर्षभरापूर्वी सांगितलंय की गुडघा ठणठणीत आहे, जा आणि खेळ." ती जमिनीकडे बघत होती. "मी खोटं बोलले. आईला, तुला, सगळ्यांना. मला भीती वाटते गं. जिना उतरताना वाटते. ट्रॉली वळवतानासुद्धा वाटते."

मला आधी राग आला. चांगला सणसणीत राग आला. माझी शेवटची संधी हिच्या भीतीपायी वाकडी झाली होती, आणि हिने आठ महिने तोंडातून एक शब्द काढला नव्हता. पण तो राग टिकला नाही, कारण मागोमाग माझी पाचावर धारण बसली. ताई घाबरते हे मला माहीतच नव्हतं. आमच्या घरात ते खातं माझ्याकडे होतं. मी कशालाही घाबरले तरी मागे न घाबरणारी ताई आहे, या हिशेबावर मी आजवर चालले होते. आता मागे कोणी नव्हतं.

"नको ताई," मी म्हणाले. "राहू दे. नाही झाली निवड तर नाही झाली."

"गप्प बस," असं म्हणून ती उठली. या वेळी तिने दोन्ही पाय सारखे ठेवले, अंग सरळ. "ये."

पहिल्यांदा मी तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच बॉल थांबवला. दुसऱ्यांदा मी उजवीकडून गेले आणि ती वळलीच नाही. जागच्या जागी उभी राहिली, हाताच्या मुठी आवळून, आणि मी तिच्या अंगावरून वारा जावा तशी निघून गेले. तिच्या ओठांवर घाम आला होता.

"पुन्हा," ती म्हणाली.

तिसऱ्यांदा मी डावीकडे झटकलं आणि उजवीकडून निघाले. माझं बॉलकडे लक्ष नव्हतं. मी तिच्या गुडघ्याकडे बघत होते. उजवा पाय जमिनीत रुतला, पोटरी ताणली गेली, आणि ती वळली. मी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी दोन पावलं गेले असेन. उघडले तेव्हा माझ्या पायाशी बॉल नव्हता. तो तिच्या पायाशी होता आणि ती उभी होती. चेहरा पांढराफटक पडला होता, पण ती दोन्ही पायांवर उभी होती.

"बघितलंस?" ती म्हणाली. तेवढ्यात शिट्टी वाजली.

धावत मैदानात शिरताना मी घाबरलेलीच होते. भीती गेली वगैरे म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. ताईला त्या टाकीजवळ एकटं सोडून आल्याची भीती त्यात आणखी मिळवा. आता हुरूप ओसरल्यावर तो गुडघा सुजला तर? आईला काय सांगायचं?

बॉल आला. कुलूप माझी डावी बाजू अडवून उभी, उजवीकडे वाट मोकळी. मी जीव मुठीत धरून उजवीकडे गेले. तिला अपेक्षाच नव्हती, त्यामुळे तिचा पाय उशिरा आला आणि थेट माझ्या नडगीवर बसला. मी कोलांटी खाऊन पडले. पडल्या पडल्या आधी पाय चाचपला. तो होता, हलत होता, फक्त ठणकत होता. "माझंच चुकलं," कुलूप म्हणाली आणि हात देऊन उठवलं. पुढच्या खेपेला ती गोंधळली, कुठली बाजू अडवावी ते तिला ठरवता येईना. मी तिच्या कमरेकडे बघितलं. कंबर माझ्या डावीकडे कलली आणि मी उजवीकडून सुटले. सरळ आत शिरले आणि मारलं. गोलकीपरच्या हाताला लागून बॉल जाळ्यात गेला.

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. "अकरा, खेळ संपल्यावर थांब. कागद भरायचेत."

मी ताईला सांगायला वळले. रेषेबाहेर सगळ्यांच्या ताया, आया, मैत्रिणी उभ्या होत्या. ताई त्यांच्यात नव्हती. माझा गोल तिने बघितला नव्हता. ती पार पलीकडे, कोपऱ्यातल्या झेंड्याच्या मागे, जास्तीच्या बॉलांतला एक घेऊन एकटीच होती. चपला काढून ठेवल्या होत्या. बॉल पुढे ढकलायची आणि त्याच्यामागे वळायची. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. एकदा घसरून पडली. मला वाटलं संपलं. ती हातावर रेटा देऊन उठली, गुडघ्यावरची माती झटकली आणि पुन्हा बॉलमागे धावली.

मागून कोणीतरी मला जागेवर जायला ओरडत होतं. ताई त्याच पायावर पुन्हा वळली. तिला थांब म्हणायला उघडलेलं तोंड मी तसंच मिटलं.