ज्याची त्याची जुडी

जावेची तारीफ जाऊ करत नाय. आमच्या मखमलाबादला तर नायच नाय. पण ठमाबाईची केल्याशिवाय मला ही गोष्ट सांगता येणार नाय, म्हणून एकदाच करते. तिच्या कानावर गेली, तर मी असलं काही बोललेच नाय म्हणून सांगेन.

ठमाबाई माझी थोरली जाऊ. वाटण्या होऊन लय वर्षं झाली. तिचं शेत वेगळं, माझं वेगळं, बांध मात्र एक, त्यामुळं भांडायला लांब जावं लागत नाय. दोघींची कोथिंबीर. आमच्यासारख्याच आणखी दोघी, कुंदन आणि बिलकिस. चौघींचा माल संध्याकाळी पंचवटीच्या बाजारात शेजारी शेजारी लिलावाला लागतो. तिथंच आमची ओळख झाली नि तिथंच भिशी सुरू झाली. त्या भिशीतून पैसे साठवून आम्ही चौघी दिवाळीनंतर सहलीला निघालो. आधी मलेशिया, मग व्हिएतनाम, शेवटी थायलंड. विमान, हॉटेल, दोन वेळचं जेवण सहलवाल्याकडं. चहापाणी, शहाळी, रिक्षा, असला वरचा खर्च आमचा आम्ही करायचा.

मी मुलखाची तोंडाळ. पहिल्याच दिवशी क्वालालंपूरला उचलली जीभ नि लावली टाळ्याला. झालं असं, की कुंदननं फोनवर हिशोब मांडला. तिचा हात फोनवर लय चालतो. चौघींचा मिळून खर्च किती, भागिले चार, माणशी अमुक रिंगिट. एक रिंगिट म्हणजे आपले वीस-बावीस रुपये. हे ऐकल्यापासून बिलकिसला कशाचीच भूक लागेना. चहा म्हणलं तर नको, फणसाचे तळलेले गरे म्हणलं तर पोट भरलंय. मी म्हणलं, "बाजारात तर वजनकाट्याच्या आडोशाला बसून तीन तीन कप रिचवतेस, इथं कधीपासून उपास धरलास गं?" तशी ठमाबाईनं मला दंडाला असा चिमटा काढला, की हिरवा डाग नाशिकपर्यंत आला.

खोलीत आल्यावर तिनं मला सांगितलं. बिलकिसची लेक अरिबा नर्सिंगला हाय. निघायच्या आठवड्यात कॉलेजनं फीचा तगादा लावला, तेव्हा बिलकिसनं हातखर्चाला ठेवलेले पैसे फीत घातले. सहलीचे आधीच भरलेले, ते काही परत मिळणार नव्हते. हत्ती गेला नि शेपूट राहिलं. म्हणून ती आली, पण जवळजवळ रिकाम्या हातानं.

"मग आपण घालू की तिचे," मी म्हणलं. "त्यात काय एवढं."

"घालून बघ," ठमाबाई म्हणाली. "उद्याचं विमान धरून घरी जाईल ती."

ते खरं होतं. बिलकिसला कुणी मेथीची एक जुडी दिली, तर दुसऱ्या दिवशी तिच्याकडून दोन मुळे आल्याशिवाय राहत नाय. अशा बाईला फुकट चहा पाजायचा म्हणजे काय सोपं काम हाय? मला काही सुचेना, म्हणून मी झोपले. ठमाबाई बसून राहिली.

सकाळी नाश्त्याला तिनं फर्मान काढलं. "हे रिंगिट, ते डाँग, ते बाथ, मला काय बी कळत नाय. मला जुडी कळती. आजपासून वरचा खर्च एकाच बटव्यातून, आणि बटव्यात प्रत्येकीनं रोज दहा जुड्या टाकायच्या."

"जुड्या?" कुंदन म्हणाली.

"जुड्यांचे पैसे गं. आदल्या संध्याकाळी लिलावात जिची जुडी ज्या भावानं गेली, त्या भावानं तिनं दहा जुड्या टाकायच्या. ज्याची त्याची जुडी. घरून रोज फोन येतोच की."

आता माझी कोथिंबीर म्हणजे कोथिंबीर. काळ्या रानातली, गुडघ्याएवढी. ती बावीसनं गेली होती. ठमाबाईची वीसनं, कुंदनची अठरानं. आणि बिलकिसचं रान माळावर, सगळा मुरूम. तिथं कोथिंबीर वीतभर वाढली तरी देव पावला. व्यापारी तिची जुडी दोन बोटांत धरतात नि नाक मुरडतात. ती पाचनं गेली होती. म्हणजे दहा जुड्यांचे मी दोनशेवीस टाकायचे, बिलकिसनं पन्नास.

मी लगेच म्हणलं, "म्हणजे सगळ्यात जास्ती मीच भरायचे?"

"वर्षभर बाजारात मिरवतेस ना, माझी कोथिंबीर भारी, माझी कोथिंबीर भारी?" ठमाबाई म्हणाली. "मग इथं मिरव."

कुंदन एवढी हसली की तिच्या नाकातून चहा आला. बिलकिसही हसली. मग तिनं पिशवीतून तीन रिंगिट काढले, बटव्यात टाकले, वर ठमाबाईला म्हणाली, "अर्धा रिंगिट माझा जमा धरा, आक्का." आणि स्वतःच्या हातानं चहा ओतून घेतला. मला तेव्हा कळलं ठमाबाईनं रात्रभर काय केलं ते. तिनं कुणाला काही दिलं नव्हतं आणि कुणाकडून काही मागितलं नव्हतं. दहा जुड्या म्हणजे दहा जुड्या, चौघींना सारख्या. बिलकिसची मान ताठ राहिली नि पोटात चहाही गेला. एवढं डोकं माझ्या जावेला देवानं का दिलं, ह्याचा मला तेव्हा थोडा रागच आला.

व्हिएतनामला तर त्या जुडीनं आमची अब्रू राखली. तिथं शहाळंसुद्धा हजारांत. एका बाईनं पंचवीस हजार सांगितले, तशी मी दुकानातून बाहेर. आमच्याच सहलीतली शहाणीसुरती माणसं शून्य मोजता मोजता घामाघूम झाली. एका गृहस्थांनी टोपीचे लाखभर ऐकून बायकोचा हात धरून पळ काढला. ठमाबाई मात्र गडबडली नाय. तिनं पहिल्या दिवशी भाजीबाजार गाठला, कोथिंबीर शोधली, तिथली भाजीवाली जुडीला किती घेते ते खुणेनं विचारलं. मग कुंदनला फोनवर एकदाच हिशोब करायला लावलं आणि वीसच्या भावानं आमची एक जुडी म्हणजे किती डाँग ते पाठ केलं. त्यानंतर शहाळं म्हणजे चार जुड्या, रिक्षा म्हणजे सहा. महाग की स्वस्त ते आम्हाला लगेच कळायचं. तिथल्या शेवयांच्या वाटीवर वरून हिरवीगार कोथिंबीर घालतात. ती बघून बिलकिस म्हणाली, "ही माझ्या माळावरची दिसती, एवढुशी." आणि तिनं वाटी चाटूनपुसून खाल्ली.

असे दिवस मजेत गेले. थायलंडला आलो आणि समुद्र समोर दिसला. तिथं गाडी अडली.

बिलकिसला एकच गोष्ट बघायची होती. बोटीत बसून समुद्र. तिचे मालक सलाउद्दीनभाई लग्न झाल्यापासून तिला मुंबईला नेतो म्हणत होते. आधी पोरं लहान, मग विहिरीवरची मोटार जळाली, मग आणखी काही, ते राहिलंच. सहलीचं ठरलं तेव्हा ती बाजारात जो भेटेल त्याला सांगत होती, समुद्र बघायला चाललेय म्हणून. आणि किनाऱ्यावर पोचलो तर बेटावर न्यायच्या लाकडी नावेचे चोवीसशे बाथ. अख्खी नाव घ्यायची, माणशी नाय. कुंदननं सांगितलं, साडेसहा हजारांच्या आसपास होतात.

बिलकिस वाळूत उभी होती. पाणी पायाशी यायचं, जायचं. ती म्हणाली, "तुम्ही तिघी जा. मी इथंच बसते. इथूनही दिसतोय की."

"जुडीच्या भावानं सगळ्याच जाऊ," ठमाबाई म्हणाली.

"चहाला जुडी ठीक हाय, आक्का." बिलकिस तिच्याकडं बघून हळू म्हणाली. "नावेला नाय. पाचच्या भावात मी नावेत बसले, तर मला ती नाव टोचत राहील."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून सगळं कळलेलं होतं. मला वाटत होतं आम्ही तिला फसवलं. तिनं आमचा मान ठेवायचा म्हणून ते चालवून घेतलं होतं, चहापुरतं. ठमाबाईनं हातातला बटवा परत कमरेला खोचला. माझ्या आयुष्यात ती हार मानताना मी पहिल्यांदा बघितली आणि मला ते आवडलं नाय. मला वाटलं, झालं, एवढ्या लांब येऊन ही बाई समुद्राच्या काठावर पिशव्या सांभाळत बसणार.

संध्याकाळी हॉटेलच्या पडवीत बसलो आणि फोन यायला लागले. आधी माझ्या राजचा. "आई, रात्री अवकाळी लय झाला. वाफ्यात पाणी उभं हाय. कोथिंबीर पिवळी पडली, काढली तेवढी सातनं गेली, तीपण व्यापाऱ्याचे पाय धरून." मी फोन ठेवला आणि तिथंच सगळ्या ढगांना शिव्या घातल्या. ठमाबाईच्या पोराचा, सोमनाथचा आला, तिची आठनं. कुंदनची पाचनं. काळ्या रानात पाणी मुरत नाय, उभं राहतं, आणि कोथिंबिरीला उभं पाणी म्हणजे संपलीच ती.

मग बिलकिसचा फोन वाजला. तिचा पोरगा मुन्ना होता. ती उठून पायरीवर गेली. आधी नुसतं "हं, हं" म्हणत होती, मग आवाज खाली करून त्याला काहीतरी सांगितलं. आम्ही तिघी एकमेकींकडं बघत होतो. माळावरची वीतभर कोथिंबीर, आमचं हे झालं तर तिचं काय झालं असेल? बिलकिस परत आली, खाली बसली आणि पदरानं फोन पुसायला लागली.

ठमाबाईला सोमनाथनं काहीतरी आधीच सांगितलेलं असावं, कारण ती घाईघाईनं म्हणाली, "आजचा बाजार धरायचा नाय. अवकाळीचा भाव काय भाव असतो? नावेला कालचाच भाव धरू."

"का म्हणून?" बिलकिस म्हणाली.

"मी म्हणते म्हणून."

"माझी साठनं गेली," बिलकिस म्हणाली.

मुरूम पाणी धरत नाय, माळ उताराचा, सगळा पाऊस वाहून गेला होता. अख्ख्या बाजारात त्या दिवशी कोरडी, हिरवी, ताठ कोथिंबीर होती ती तिच्या ओट्यावर. जे व्यापारी नाक मुरडायचे ते तिच्या मुन्नाभोवती उभे राहिले होते. इतकी वर्षं ज्या रानानं तिला खाली बघायला लावलं, त्याच रानानं त्या दिवशी तिचा माल राखला. मला माझ्या पिवळ्या वाफ्याचं दुःख होतं, खोटं कशाला बोलू, पण ते थोडा वेळ मी विसरले.

"कुंदन, लाव हिशोब," बिलकिस म्हणाली.

कुंदननं ठमाबाईकडं बघितलं.

"तिच्याकडं काय बघतेस, फोनकडं बघ."

कुंदननं केला. नावेच्या पैशाला आजच्या भावानं माणशी ऐंशीएक जुड्या. आम्हा तिघींचे मिळून सोळाशे रुपये आणि एकट्या बिलकिसचे अट्ठेचाळीसशे.

"बिलकिस, ऐक माझं," ठमाबाई म्हणाली. "पोरीची पुढची फी हाय. घरात पैसा आलाय तर राहू दे. तो नियम मी आपला चहापाण्यासाठी काढला होता."

"कशासाठी काढला होता ते मला ठाऊक हाय, आक्का." बिलकिसचा आवाज चढला नाय. "पाच होते तेव्हा तुम्ही पाच धरले, मी धरू दिले. आज साठ हायेत. आज नाय धरले, तर ते पाच भीक होते असं होईल."

ठमाबाईनं बटवा उघडला आणि तिच्यापुढं धरला. बिलकिसकडं बाथ नव्हते, पण त्याचीही सोय तिनं पायरीवरच करून ठेवली होती. मुन्नानं पुरून उरतील एवढे पैसे सोमनाथच्या फोनवर टाकले होते, आणि इथं ठमाबाईनं तिला आपल्या पिशवीतले बाथ मोजून दिले. बिलकिसनं ते घेतले आणि एक एक नोट बटव्यात टाकली. तिच्यामागून आम्ही आमच्या पिवळ्या कोथिंबिरीची चिल्लर टाकली. मला एकदम रडू आलं आणि मी डासांवर ढकललं.

सकाळी नाव पाण्यात उतरली. लांब, निमुळती, पुढच्या टोकाला रंगीत फडकी बांधलेली. सहलीभर पुढची जागा ठमाबाईची. बस असो, टेबल असो, आम्ही कधी तिथं बसलो नाय, तिनं बसूही दिलं नसतं. नाववाल्यानं हातवारे करून विचारलं, आधी कुठं जायचं, ह्या बेटावर की त्या? त्याचं तोंड ठमाबाईकडं होतं. वयानं मोठी, अंगानं मोठी, तीच ठरवणार असं कुणालाही वाटलं असतं.

ठमाबाई नऊवारी सावरत मागच्या फळीवर माझ्या शेजारी येऊन बसली आणि पुढं बसलेल्या बिलकिसकडं बोट दाखवून त्याला मराठीतच म्हणाली, "तिला विचार बाबा. आज नाव तिची हाय."