डाव्या हाताचा सैल हातमोजा

मी एक जुना हातमोजा आहे, डाव्या हाताचा. निळा, जाडजूड आणि मुद्दाम सैल शिवलेला. उजव्या हाताचा माझा जोडीदार.

मित्रांनो, आमची पहिली नोकरी समुद्राच्या धक्क्यावर होती. तिथे कतारहून जहाजं यायची. त्यांच्या पोटात नैसर्गिक वायू असायचा, उणे एकशे बासष्ट अंशांपर्यंत गार करून द्रवरूप केलेला. असा केला की तो सहाशेपट कमी जागेत मावतो, म्हणून तर इतक्या लांबून आणणं परवडतं. पण कातडीवर सांडला तर भाजल्यासारखी जखम होते.

पुढे टँकरबरोबर आम्ही भिवंडीला आलो, पडघ्याजवळच्या सायझिंग कारखान्यात. इथे सुताला खळ लावतात आणि बॉयलर याच वायूवर चालतो. आम्हाला वापरणारा किशन बारा वर्षं निजामपुऱ्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवून आलेला, कामाला वाघ. पण सैल बाही दिसली की त्याला चैन पडत नसे. त्याने मला मनगटाशी सुताने आवळलं, दातांनी गाठ ओढून. उजवा तेवढा सुटला, कारण मी हातात असताना त्याला डाव्या हाताने गाठ मारता येईना.

"किशन, तो सैलच हवा," सेफ्टीच्या अदिती मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, लूमवर कापड सैल म्हंजे हात गेलाच!"

त्यांनी सूत काढायला लावलं. त्या वळल्या की याने पुन्हा बांधलं. खोटं कशाला बोलू, मलाही ते घट्ट धरणं आवडायचं.

मार्चमध्ये जहाज आठ दिवस लांबलं. कारखान्यातली वायूची टाकी तळाला गेली, बॉयलर थांबायची वेळ आली. टँकर येताच किशनने घाईघाईत नळी जोडली आणि व्हॉल्व्ह उघडला. सांधा नीट बसला नव्हता. फवारा उडून दोन्ही मोज्यांत शिरला, माझ्या आवळलेल्या चुण्यांतूनही. किशनने हात झटकले. उजवा लांब जाऊन पडला. मी तिथेच. लूमवाल्याची गाठ ती, कसली सुटते! आत बोटं ताठ होत होती आणि मी त्यांना धरून बसलो होतो.

अदिती मॅडम धावत आल्या. किशन ओरडला, "मॅडम, कापा! माझ्या खिशात कैची हाय!"

मॅडमनी व्हॉल्व्ह बंद केला, सूत कापलं, हात कोमट पाण्यात धरला. उजवा हात वाचला. डाव्याची करंगळी गेली.

महिन्याभराने किशन कामावर आला. मला वाटलं, आता हा मला कचऱ्यात फेकणार. त्याने मला दाराशी खिळ्याला अडकवलं, कापलेल्या सुतासकट. नवा माणूस आला की तो मला त्याच्या हातात चढवतो.

"झटक. एका झटक्यात पडला न्हाय, तर आत जायचं न्हाय."

मी धपकन पडतो. किशन चार बोटांनी मला उचलतो.

मित्रांनो, मला कोरडं ठेवा, भेग पडली तर बदला. पण कुणी झटकून टाकलं तर माझी कीव करू नका. तेवढ्यासाठीच मला सैल शिवलं आहे.