वाकड्या टाक्यांचा उंदीर

सोफाकाकांनी दोऱ्याची गाठ दातांनी आवळली आणि कापडी उंदीर टेबलावर टाकला.

“घे. उंदीर कमी, अपघात जास्त.”

काकूंनी तो उजेडात धरला. एक टाका पूर्वेला, एक पश्चिमेला. चाळीस वर्षं गल्लीतल्या सगळ्या सोफ्यांना अंगरखे शिवलेला हा हात. शिवणीवरून बोट फिरवलं तरी शिवण लागायची नाही. तीन महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजव्या बोटांतली सुई निसटली ती निसटलीच. हाताच्या व्यायामाचं नाव काढलं की काका भिंतीकडे तोंड करायचे. आज सुई धरली तीही काकूंनी डिवचलं म्हणून. दोघांनी एकेक उंदीर शिवायचा, निकाल मांजरं देतील. आतलं भरण काकूंचं: कापूस, आणि ज्याच्या वासाने मांजरं खुळावतात तो कॅटनिपचा वाळका पाला.

“तुमचा फौजदार तुमचीच बाजू घेणार,” काकू म्हणाल्या.

“तो बोका कुणाच्या बापाचं ऐकत नाही. सोड खाली.”

काकूंनी दोन्ही उंदीर फरशीवर ठेवले. त्यांचा सुबक, मिशासुद्धा काढलेल्या. फौजदाराने तो हुंगला आणि ओलांडून गेला. वाकड्या टाक्यांच्या उंदरावर मात्र त्याने गाल घासला, त्याला कवटाळलं, मागच्या पायांनी झोडपलं आणि चारी पाय वर करून लोळला. कपाटाखालून ठमी मांजरी धावली. तिलाही तोच हवा.

काका हसले. आधी नुसते नाकातून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“हरले बाई,” म्हणत काकू दूध तापवायला आत गेल्या.

त्यांचा उंदीर काकांच्या पायाशी एकटाच पडला होता. उचलायला काकांनी डावा हात पुढे केला, मागे घेतला, आणि उजवा नेला. बोटं एकेक करून वळली, जशी थंडीत कुडकुडलेली पोरं शेकोटीशी येतात. उंदीर नाकाशी आला. काकांनी हुंगला. दाबून पुन्हा हुंगला.

नुसता कापूस.

आत काकू काहीतरी गुणगुणत होत्या. किती दिवसांनी.

“अगं ए,” काकांनी हाक मारली, “उद्या तुझ्याही उंदरात पाला भर. मग बघू कोण जिंकतं ते.”

गुणगुणणं थांबलं.

“आणि सुई मोठ्या नेढ्याची काढून ठेव. दोरा मीच ओवणार.”